पोलिसावर केस टाकली की कैदी सुटतो? अजिबात नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की अमेरिकेत जेलमधला गुन्हेगार त्याला पकडणाऱ्या पोलिसावरच फुकटात केस ठोकतो, करोडो रुपये घेऊन सुटून येतो आणि पोलिस बिचारा देशोधडीला लागतो. खाली लोक लिहितायत, कैद्यांना हक्क हवेतच कशाला. म्हणून एकेक मुद्दा घेतेय.

आधी सुटकेचं. ही केस १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली असते, आता त्याला कलम १९८३ म्हणतात, आणि तो दिवाणी दावा आहे, त्यात जिंकलात तरी शिक्षा जागेवरच राहते. सुटायचं असेल तर हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे कैदच बेकायदा आहे असं सांगून कोर्टाकडे सुटका मागायच्या अर्जाचा रस्ता वेगळा, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच सांगितलंय.

बरं, पैसे तरी? १९९४ ची हेक विरुद्ध हम्फ्री केस बघा. इंडियानातला १५ वर्षांची शिक्षा झालेला कैदी, त्याचं म्हणणं की सरकारी वकिलांनी आणि तपास करणाऱ्या पोलिसाने त्याच्या बाजूचा पुरावा नष्ट केला. सुटका मागितलीच नव्हती त्याने, फक्त भरपाई. कोर्ट म्हणालं, तुझा दावा खरा धरला तर शिक्षाच चुकीची ठरते, मग आधी ती रद्द करून आण. म्हणजे जो खरंच खोट्या पुराव्यावर आत गेलाय त्यालाच सगळ्यात जास्त थांबावं लागतं, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं.

वेळेची अट पण आहेच. वॉलेस विरुद्ध केटो, २००७, शिकागो. १५ व्या वर्षी बेकायदा अटक, नंतर शिक्षा रद्द, २००२ मध्ये आरोप मागे, २००३ मध्ये त्याने केस टाकली तर कोर्ट म्हणे उशीर झाला, कारण अटकेच्या दाव्याची मुदत आरोप मागे घेतल्यापासून मोजतच नाहीत, ती आधीच सुरू होऊन संपली होती!

फुकट तर नाहीच. १९९६ च्या कायद्याने गरीब कैद्यालाही ३५० डॉलर फी माफ होत नाही, जेलच्या खात्यातून हप्त्याने कापतात. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, त्यामुळे बरेच जण स्वतःच हाताने अर्ज लिहितात.

आणि पोलिस? त्याने मोडला म्हणतात तो हक्क आधीपासून स्पष्टपणे ठरलेला नसेल तर त्याच्यावरची केस तिथेच संपते, आणि भरपाई द्यावी लागलीच तर बहुतेक वेळा शहर देतं, त्याचा खिसा नाही.

मग उरतं काय? मुख्यतः मारहाणीचा दावा. १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर पासून कोर्ट बघतं की अटक करताना वापरलेलं बळ त्या परिस्थितीत वाजवी होतं का. हातकड्या घालून झाल्यावर जबडा फोडला असेल तर चोरी सिद्ध झाली तरी तो दावा सहसा उभा राहतो, कारण चोरीची शिक्षा कोर्टाने दिलेली असते, जबडा फोडायची नाही.