हॅडिक्सचं रेकॉर्ड कुणीही पुसलेलं नाही

हार्वी हॅडिक्सबद्दलची एक गोष्ट सतत फिरत असते. २६ मे १९५९ ला अमेरिकन बेसबॉलमधल्या या पिट्सबर्गच्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) मिलवॉकीविरुद्ध १२ इनिंग एकाही फलंदाजाला बेसवर जाऊ दिलं नाही, १३व्या इनिंगमधल्या होमरनने (चेंडू कुंपणापार मारणाऱ्या फटक्याने) तो हरला, आणि १९९१ मध्ये आकडेवाल्यांनी त्याची कामगिरी रेकॉर्डमधून पुसून टाकली. शेवटी ठरलेलं तात्पर्य येतं: आकड्यांना माणसाची मेहनत दिसत नाही. ही गोष्ट सांगणाऱ्यांना हॅडिक्सबद्दल खरंच हळहळ वाटते, मलाही वाटते. पण दोष चुकीच्या माथी मारला जातोय.

आधी १९९१ बघू. त्या वर्षी मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) समितीने ‘नो-हिटर’ची व्याख्या कडक केली: सामना किमान ९ इनिंगचा हवा, आणि संपेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) मिळता कामा नये. जवळपास ५० सामने त्या यादीतून निघाले, त्यात हा एक. बदलली ती यादी. सामन्याच्या तक्त्याला, म्हणजे कोणी काय केलं याच्या आकड्यांच्या नोंदीला, कुणी हात लावला नाही. हॅडिक्सच्या नावापुढे आजही १२⅔ इनिंग, १ हिट, १ वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस), ८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आहेत आणि ओळीने ३६ फलंदाज बाद केल्याची नोंदही आहे. परफेक्ट गेमला, म्हणजे एकालाही बेसवर येऊ न देता जिंकलेल्या सामन्याला, २७ पुरतात: ९ इनिंग, प्रत्येकीत ३ बाद. यादीतून नाव गेल्याचं वाईट मलाही वाटतं, पण १३व्या इनिंगमध्ये हिट बसली हे खरंच आहे, आणि व्याख्या एका माणसापुरती वाकवता येत नाही.

आता होमरन. इथे मात्र तक्ता नीट वाचायलाच हवा, कारण लोक म्हणतात त्याच्या नेमकं उलट त्यात लिहिलंय. १३व्या इनिंगमध्ये फेलिक्स मँटिलाचा चेंडू थर्ड बेसवरच्या डॉन होकने अडवला, पण त्याचा थ्रो चुकला. स्कोअरबुकात थर्ड बेसमनचा क्रमांक ५, म्हणून नोंद होते ई-५, म्हणजे होकचा एरर (क्षेत्ररक्षणातली चूक). परफेक्ट गेम मोडला तो या क्षणी, आणि त्यात हॅडिक्सची चूक नव्हती. मग एडी मॅथ्यूजने बंट करून (बॅट न फिरवता चेंडू हलकेच ढकलून) मँटिलाला सेकंड बेसवर पोचवलं आणि स्वतः बाद झाला. हँक एरनला हॅडिक्सने मुद्दाम वॉक दिला. तोपर्यंतही हिट शून्यच. पुढे जो अ‍ॅडकॉकने मारलेला चेंडू कुंपणापार गेला. एरनला वाटलं चेंडू आतच पडला आणि मँटिला घरी (धाव पूर्ण होते त्या होम प्लेटवर) पोचल्यावर सामना संपला, म्हणून तो बेसवरून धावणं सोडून डगआउटकडे (संघाच्या बाकांकडे) वळला. मागून येणारा अ‍ॅडकॉक त्याला ओलांडून गेला, आणि नियमाप्रमाणे बाद ठरला. आधी २-० धरलेला स्कोअर नॅशनल लीगचे (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचे) अध्यक्ष वॉरन जाइल्स यांच्या निर्णयाने १-० झाला. होमरनची नोंद झाली डबल (दोन बेसचा फटका) म्हणून.

आणि ती एकमेव धाव? ती एररमुळे बेसवर आलेल्या मँटिलाची, म्हणून तक्त्यात ती ‘अनअर्न्ड’ आहे. पिचरच्या खात्यावरची अर्न्ड रन शून्य. ज्या आकड्यांना आंधळं म्हटलं जातं, त्यांनीच होकची चूक होकच्या नावावर लिहून हॅडिक्सला त्यातून मोकळं केलंय. मी हा तक्ता पुन्हा पुन्हा उघडतो तो त्या एका शून्यासाठी.

हार मात्र त्याच्याच नावावर लागली. १९५९ च्या त्याच्या १२ विजय, १२ पराभवांतली ही एक. पराभवाचा रकाना सगळ्यात कमी सांगतो हे मान्य, पण शेजारचे रकाने वाचायला कुणी मनाई केलेली नाही. समोरच्या मिलवॉकीच्या पिचरची, लू बर्डेटची, ओळ वाचा: पूर्ण १३ इनिंग, १२ हिट, एकही वॉक नाही, धाव शून्य. पिट्सबर्गला १२ हिट मिळूनही एक धाव करता आली नाही, त्या रात्रीचं दुःख तिथे आहे.

तक्ता खरोखर तोकडा पडतो ती जागा वेगळीच आहे, आणि ती या फिरणाऱ्या गोष्टीत क्वचितच येते. १९८९ मध्ये मिलवॉकीचा पिचर बॉब ब्युल याने उघड केलं की त्या रात्री त्यांचे बुलपेनमधले (राखीव पिचर सराव करतात त्या जागेतले) खेळाडू दुर्बिणीतून पिट्सबर्गच्या कॅचरच्या (कुठला चेंडू टाकायचा ते पिचरला सुचवणाऱ्याच्या) खुणा टिपत होते आणि टॉवेलच्या इशाऱ्याने आपल्या फलंदाजांना कळवत होते. कुठला चेंडू येतोय हे आधीच ठाऊक असलेला हा संघ १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षं नॅशनल लीगचा विजेता होता. यासाठी स्कोअरबुकात रकाना नाही. हॅडिक्सच्या बाजूने बोलायचं तर हे सांगा, आणि त्याच्या शेजारी ३६ हा आकडा ठेवा.