अन्न अनुदान शेतकऱ्याच्या विरोधात आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपलं म्हणणं थोडक्यात असं: अन्न अनुदान, म्हणजे धान्य खरेदीचा आणि ते रेशनवर देण्याचा सरकार सोसतं तो खर्च, हा शेतकऱ्याच्या हक्काचा पैसा फुकट वाटपात घालवणं, 2020-21 मध्ये तर तो खर्च मतांसाठी 5 लाख कोटींवर नेला, रेशनमुळे शेतावर मजूर येत नाहीत, म्हणून धान्य बंद करून खात्यात रोख टाका. या संतापामागे सोयाबीनचा पडलेला भाव आहे आणि तो संताप रास्तच आहे. पण रेशन हे त्याचं कारण नाही.

आधी तांदळाचा ढोबळ हिशेब बघा. 2023-24 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2183 रुपये होता. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे गिरणीकडून 67 किलो तांदूळ परत घेतला जातो, म्हणजे नुसत्या धानाचेच किलोला साडेबत्तीस रुपये झाले. कोंडा आणि तूस गिरणीवाल्याकडे राहतो, त्यामुळे भरडाईचा दर अगदी किरकोळ असतो. त्यावर बाजार शुल्क, अडत, बारदान, हमाली, वाहतूक, गोदामभाडं आणि साठ्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज चढतं. हे सगळं धरून भारतीय अन्न महामंडळाला, म्हणजे सरकारसाठी धान्य खरेदी करून साठवणाऱ्या संस्थेला, त्या वर्षी तांदूळ किलोला सुमारे 39 रुपयांना पडला. म्हणजे दर सहा रुपयांतले पाच रुपये धानाच्या किमतीचे. 2024-25 च्या अर्थसंकल्पात अन्न अनुदानाचे 2 लाख 5 हजार कोटी ज्या ओळीत दिसतात, त्याच ओळीतून गहू-तांदळाचा हमीभाव दिला जातो. रेशन बंद केलं तर हमीभावाने घेतलेलं धान्य ठेवायचं कुठे आणि पुढच्या हंगामात विकत घ्यायचं कशाला?

2020-21 चा आकडा खरा आहे, कारण वेगळं आहे. त्याआधीची काही वर्षं सरकार अनुदानाची पूर्ण रक्कम न देता महामंडळाला अल्पबचत निधीतून, म्हणजे लोकांनी सरकारी बचत योजनांत ठेवलेल्या पैशातून, कर्ज काढायला लावत होतं. ती कर्जं त्या वर्षी फेडून हिशेबात आणली. करोनाकाळातलं जादा धान्य होतंच, पण एवढी उडी त्याने मारली नव्हती.

आता सोयाबीन. गहू-तांदळाला दर महिन्याला रेशन दुकानातून बाहेर पडायची वाट आहे, सोयाबीनला नाही. मूल्य समर्थन योजनेत, म्हणजे कडधान्य-तेलबियांच्या हमीभाव खरेदीत, नाफेड या सहकारी संस्थेने घेतलेला माल शेवटी बाजारातच विकावा लागतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं आणि तो थांबतो. शिवाय तेलबियांच्या खरेदीला राज्याच्या उत्पादनाच्या साधारण 25 टक्क्यांची मर्यादा असते. त्यात ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन या अटीत बसणं अवघड. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ही अट 15 टक्क्यांवर आणली, तोवर रब्बीच्या पेरणीसाठी पैसा हवा असलेल्यांनी माल व्यापाऱ्याला घातलेला होता. सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद नसेल तर केंद्रावर नोंदणीच होत नाही, ते आणखी वेगळं. अन्न महामंडळाच्या सुधारणेसाठी केंद्राने नेमलेल्या शांता कुमार समितीने 2015 च्या अहवालात म्हटलं होतं की देशातले फक्त 6 टक्के शेतकरी हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकतात. भांडायचं ते या ठिकाणी.

ज्वारीचंही तेच. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ज्वारी-बाजरीसारखं भरडधान्य होतंच, किलोला 1 रुपया दराने. अडचण मुदतीची होती. खरेदी केलेली ज्वारी 6 महिन्यांत वाटून संपवावी लागे, ती मुदत 2021 च्या डिसेंबरमध्ये 9 महिने झाली. आता मराठवाड्यातली ज्वारी हमीभावाने घेऊन तिथल्याच रेशनवर द्या, ही मागणी नियमात बसते. अनुदान बंद करा म्हणण्यापेक्षा तिच्यातून शेतकऱ्याच्या पदरात जास्त पडेल.

मजुरांबद्दल एवढंच सांगतो. माणशी 5 किलोप्रमाणे पाच जणांच्या घराला महिन्याला 25 किलो धान्य मिळतं. किलोला 30 रुपये धरले तरी 750 रुपये, म्हणजे 2024-25 च्या रोजगार हमीच्या 297 रुपये दराने अडीच दिवसांची मजुरी. उरलेले दिवस कोणी घरी बसून काढत नाही.

राहिला रोख रकमेचा प्रश्न. तो प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. छत्रपती संभाजीनगर व अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना गहू 2 आणि तांदूळ 3 रुपये दराने माणशी 5 किलो मिळत होता. 2023 मध्ये त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये ठरले, म्हणजे किलोला 30 रुपये. पुढे 2024 मध्ये ते 170 झाले. दुकानातला भाव दर महिन्याला हलतो, ही रक्कम मात्र शासन निर्णय निघेपर्यंत तिथेच राहते, आणि मधल्या काळातला फरक शेतकरी कुटुंबच भरतं. रोख मागायचीच असेल, तर रक्कम बाजारभावाप्रमाणे आपोआप वाढेल अशी तरतूद त्याच निर्णयात लिहून घ्यायला हवी. आपल्या प्रतिक्रियेत ती अट नाही.