परत मोजा!

काल एका काकांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. विषय नाडी. मी डॉक्टर आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यांच्या एकंदर वागण्यावरून ते कुणाला कळलं नसतं.

मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली तर त्यांनी दुसऱ्या मनगटावरचं स्मार्ट घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

"किती?"

"७२."

"हे ७६ म्हणतंय. परत मोजा."

मोजली. काय करणार!

"७४."

"बघा, जवळ आलात!"

झोप कशी लागते, विचारलं. काकांनी मोबाइल काढून रंगीत आलेख उलगडला. "रात्री दोन ते तीन जागा होतो."

"काय जागे होते?" काकू उसळल्या. "घोरत होते. मी जागी होते म्हणून मला माहीत."

"घड्याळ खोटं बोलेल का?"

"मग घोरत कोण होतं? घड्याळ?"

दोघांनी निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला. "सकाळी ताजंतवानं वाटतं का?"

"थांबा हं." काका बोटाने स्क्रीन सरकवत राहिले. "५८ टक्के."

आता, ते यंत्र कातडीवर हिरवा उजेड पाडतं आणि परत येणाऱ्या उजेडावरून रक्ताची लहर ओळखतं. पट्टा सैल असला, हात हलला, गोंदण आड आलं, की त्याचा गोंधळ उडतो. ईसीजी काढलाच तर एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने पाहणारा. हार्ट अटॅक त्यावरून ओळखू नका, असं बनवणारेच बारीक अक्षरात लिहितात. पण कुचकामी म्हणावं तर तेही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार लाखांहून जास्त लोकांच्या मनगटावर नजर ठेवली होती. अनियमित ठोक्यांचा इशारा जेमतेम अर्ध्या टक्क्याला आला. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीला ईसीजीची पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांना खरोखर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा विकार, निघालं. काकांचे ठोके मात्र अत्यंत शिस्तीचे आहेत. तेवढं सोडून बाकी सगळ्याचे आलेख ते मला रात्री अकराला पाठवतात.

ते वाचायचे कुणी आणि कधी? रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना रकाना नाही, ओपीडीत वेळ नाही. वाचले नाहीत आणि पुढे काही झालं, तर "डॉक्टरांना पाठवलं होतं" हे वाक्य तयारच असतं. या प्रश्नावर एकही परिषद भरत नाही. नवं घड्याळ आलं की लगेच भरते.

आमच्या व्यवस्थापनाला तर आमच्याच ताणाची काळजी वाटली. सगळ्या डॉक्टर-नर्सना तसलेच मनगटी पट्टे वाटले. दुसऱ्याच राउंडला संसर्ग-नियंत्रणाच्या सिस्टर आडव्या आल्या. "सर, कोपराखाली काही नको. काढा." त्यांचं बरोबरच आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ मध्येच तसा नियम सांगितला. हात मनगटापर्यंत धुवायचे तर घड्याळ मध्ये कशाला? मी पट्टा ड्रॉवरमध्ये टाकला.

आज एचआरची मेल आली. आपण दिवसभर एकही पाऊल चाललेला नाहीत, कृपया जीवनशैली सुधारावी. सीसीमध्ये सिस्टर.