‘साहेब’ अवतरणात लिहिणाऱ्या वाचकास

पद गेल्यावर मंडईतून भाजी आणण्यात सापडलेल्या छोट्या सुखावरच्या ‘पिशवी’ या माझ्या लेखावर तुम्ही ‘एक पुणेकर’ या नावाने लिहिलंय: “खुर्ची गेल्यावर ‘साहेबां’ना गवार दिसली. आम्ही जन्मभर पिशव्या वाहिल्या, आम्हाला त्यात कधी सुख दिसलं नाही. आणि मंडई 1882 ची नव्हे, 1886 ची. तुम्ही ज्यांना घरी बसवलंत त्यांना कोणती छोटी सुखं मिळाली, तेही येऊ द्या.”

1886 मान्य. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ती अवतरणचिन्हं. मुद्दा मांडायचा होता की टोमणा मारायचा होता? पुणेरी पाटी दुकानाच्या दारावर शोभते, दुसऱ्याच्या लेखाखाली नाही.

‘आम्ही जन्मभर पिशव्या वाहिल्या.’ मग मी काय पालखीत जन्मलो? नाना पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. वडील छापखान्यात कंपोझिटर. रॉकेलच्या रांगेत डबा धरून मी तासन्‌तास उभा राहिलोय. महिनाअखेरीला आई मला मुद्दाम दिवेलागणीनंतर मंडईत पिटाळायची, कारण तेव्हा उरलेली पालेभाजी स्वस्तात निघायची. सुकलेल्या मेथीची जुडी शर्टाच्या आत दडवून आणायचो, वर्गातल्या पोरांना दिसू नये म्हणून. तेव्हा पिशवीचं मला शिकवू नका. पुढे 26 वर्षं ती हातात धरली नाही, हेही खरं. भाजी ड्रायव्हर आणायचा.

पद गेलं (गेलं, सोडलं नाही, लेखात स्पष्ट लिहिलंय, पण वाचायला सवड हवी), त्यानंतरच्या सोमवारी फोन दिवसभरात एकदाच वाजला. गॅस सिलिंडरवाल्याचा. आठवड्याभराने बायको म्हणाली, “त्या फोनकडे काय बघत बसलाय, गवार आणा.” बसने स्वारगेटला उतरलो, शिवाजी रस्त्याने चालत गेलो. गाळ्यावरच्या मावशींनी माझ्या हातातली शेंग काढून घेतली आणि मधोमध मोडली. कट्‌कन आवाज झाला. “काका, अशी बघायची. मोडली नाही, वाकली की जून.” वर मूठभर कढीपत्ता पिशवीत टाकला, न मागता. 26 वर्षांत ‘तुम्हाला कळत नाही’ असं मला तोंडावर सांगणारी ही पहिलीच बाई, बायको सोडून. घरी येईपर्यंत मी हसत होतो. याला सुख म्हणायचं नसेल तर तुमच्याकडचा शब्द कळवा, तोही लेखात घालतो.

घरी बसवलेल्यांचा विषय माझ्या लेखाचा नव्हता. ते निर्णय मी एकट्याने घेतलेले नव्हते. इथे त्यावर चर्चा नको.

पुढच्या वेळी मात्र नावानिशी लिहा. ‘एक पुणेकर’ म्हणजे कोण? 2011 च्या जनगणनेतच शहरात ते 31 लाख होते.

आणि एक. लेखात मी कंपनीचं नाव दिलं नव्हतं, कुणाला घरी बसवल्याचाही उल्लेख केला नव्हता. तुम्ही प्लँटवर होतात का?