पुतळा पोट आवळून घेत नाही

आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटला आहे. 2020 च्या नियमांनी मेडिकल कॉलेजांना स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर तपासणीचा सराव करायची खोली, बंधनकारक झाली. त्या पुतळ्यांवर पैसे घालण्यापेक्षा शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, सगळं जग सिम्युलेटरवर शिकतंय. हे 'सगळं जग' म्हणजे बहुधा मी, कारण इंग्लंडात विद्यार्थ्यांना शिकवणारा ग्रुपवर मी एकटाच.

तर ऐका. 'हार्वे' नावाचा हृदयरोगाचा पुतळा मियामीत 1968 मध्येच आला. त्याची नाडी लागते, मानेची शीर उडते, छाती हलते, आणि हवा तो मर्मर, म्हणजे हृदयाचा बिघडलेला आवाज, ऐकवता येतो. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याचा आजार, लावायचा. विद्यार्थी स्टेथोस्कोपची सपाट बाजू, डायफ्रॅम, टेकवतो, काही ऐकू येत नाही. मग वाटीसारखी बाजू, बेल, हलकेच टेकवतो, आणि ती खालच्या पट्टीतली घरघर कानात उतरते. पुन्हा ऐकायचं? दहा वेळा ऐका. आमच्या वॉर्डातल्या पोस्टिंगमध्ये एका पलंगाभोवती वीस जण असायचो. मागच्या रांगेतल्यांनी 'आलं ऐकू' म्हणून मान डोलवायची. मीही डोलवली आहे. तो मर्मर खरा कळला इंटर्नशिपमध्ये. आणि ज्या बाईंच्या छातीवर वीस स्टेथोस्कोप टेकले, त्यांना विचारलं कोणी? निदान माझ्या आठवणीत तरी नाही.

म्हणून लॅबला विरोध करणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. पण इथे रोज दिसणारी दुसरी गोष्टही सांगतो.

मध्यंतरी एका हुशार विद्यार्थ्याला पोट तपासायला सांगितलं. प्लीहा चांगलीच वाढलेली होती. पठ्ठ्याने थेट डाव्या बरगडीखाली हात घातला आणि 'नॉर्मल' म्हणाला. प्लीहेची कड त्याच्या हाताच्या कितीतरी खाली होती. उजव्या ओटीपोटापासून वर सरकत यायचं असतं, हे टॅब्लेटवरच्या चाचणीत त्याने अचूक टिपलं होतं. शिवाय हात गार. पेशंटने पोट आवळलं, तसा हा आणखी जोरात दाबू लागला. नजर स्वतःच्या बोटांवर. पेशंटच्या चेहऱ्याकडे एकदाही नाही. पुतळा पोट आवळत नाही, त्याचा चेहरा वाकडा होत नाही, मग सवय लागणार कुठून?

दोष यंत्राचा कमी, परीक्षेचा जास्त. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ हार्डन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून मांडलेली ऑस्की पद्धत, म्हणजे सगळ्यांना टप्प्याटप्प्याने एकसारखीच कामं देऊन ठरलेल्या यादीवर गुण देणारी परीक्षा, निःपक्षपाती खरी, पण तिच्यात पुष्कळदा धडधाकट माणसंच पेशंट म्हणून बसतात. हळूहळू विद्यार्थ्याला तपासणी म्हणजे म्हणून दाखवायचं स्तोत्र वाटू लागतं, ज्याच्या शेवटी 'नॉर्मल' येतं. आपल्याकडच्या लाँग केसमध्ये, म्हणजे एकच खरा पेशंट सविस्तर तपासून एक्झामिनरपुढे मांडायच्या परीक्षेत, नशिबाचा भाग फार, एक्झामिनरचा मूड त्याहून जास्त. तरी तिथे खरी प्लीहा हाताला लागावी लागते. ऑस्कीच्या कौतुकात ती केस मोडीत काढू नका.

ग्रुपवर मी लिहिलं: पहिले वीस धडपडणारे हात पुतळ्यावर पडू देत. एकविसावा पेशंटवर, पण त्याला विचारून आणि तळहात चोळून गरम करून.

मायदेशी प्राध्यापक असलेल्या मित्राचं उत्तर पाच मिनिटांत आलं. "पुतळा आलाय रे. लॅबची किल्ली स्टोअरकीपरकडे असते आणि तो चारला घरी जातो."