कुळकायद्यात जमीन "फुकट" मिळाली? नाही हो

व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतोय की कुळकायद्याने मालकांच्या जमिनी काढून कुळांना, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्याने कसणाऱ्यांना, फुकट वाटल्या. हे चूक आहे. मुंबई कुळवहिवाट कायदा १९४८ चा, त्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसत असलेलं कूळ खरेदीदार मानलं गेलं, खरेदीदार, म्हणजे पैसे भरायचेच होते. कलम ३२ग खाली शेतजमीन न्यायाधिकरण किंमत ठरवायचं, साध्या कुळाला आकाराच्या (जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या) २० ते २०० पट, हप्ते पाडून मिळायचे आणि सगळे भरले की कलम ३२म चं खरेदीचं सर्टिफिकेट. किंमत बाजारभावापेक्षा कमी होती हे खरंच आहे, पण फुकट नाही. मालकालाही स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागायची सोय होती, विधवा, अज्ञान (वयात न आलेल्या) मालकांना मुदत जास्त होती. (विदर्भ, मराठवाड्यात कायदे वेगळे होते, तो विषय वेगळा.)

आणि ज्यांचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलंच नाही, खंडाची (जमिनीच्या भाड्याची) पावती नाही, सगळं तोंडी, अशी कितीतरी कुळं पिढ्यानपिढ्या कसूनही हात हलवत राहिली, त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही याचा मला जास्त राग येतो. अलिबागकडे चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध (कोकणातले वसुली करणारे जमीनदार) वर्षानुवर्षं संप केला, शेतं पडीक ठेवली, उपासमार काढली, तेव्हा कुठे कुळांचा प्रश्न सरकारदरबारी पोचला. त्यामुळे फॉरवर्ड करण्याआधी घरातला जुना फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) काढून बघा, किंमत किती ठरली ते बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं.