व्हिस्की भेट देताय? आधी तो पितो कशी ते विचारा

व्हिस्की भेट द्यायची ठरली की दुकानात उभा राहिलेला माणूस आधी लेबलवरचा वयाचा आकडा बघतो. १२ की १८? माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. ज्याला द्यायची तो व्हिस्की कशात घालून पितो, हे आधी माहीत हवं. (आणि त्याच्याही आधी, पितो का हे. सोडलेल्या माणसाच्या हातात बाटली ठेवण्यासारखा दुष्टपणा नाही.)

उंच ग्लासात बर्फ आणि सोडा भरून घेणाऱ्याला १८ वर्षांची सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, फक्त माल्टपासून म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली) देऊ नका. गार झालं की वास दबतो, आणि तुम्ही जास्तीचे पैसे त्या वासासाठीच मोजलेले असतात. त्याला चांगली ब्लेंडेड द्या. ब्लेंडेड म्हणजे भेसळ नव्हे. माल्टसोबत मका किंवा गव्हापासून केलेली हलकी ग्रेन व्हिस्की मिसळलेली असते, इतकंच. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलसारख्या ब्लेंडमधला जरासा धूर सोड्यातही टिकतो. कॉकटेल करणाऱ्याला बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की. तिच्यात किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते, म्हणून व्हॅनिला आणि जळक्या साखरेची चव ठसठशीत येते. साखर-लिंबापुढे ती दबत नाही.

लाफ्रॉइग, आर्डबेग अशा स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्की मात्र त्याने स्वतः नाव घेतलं असेल तरच. पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) धुरावर सुकवलेल्या बार्लीमुळे त्यांना आयोडीन आणि बँडेजचा वास असतो. काही जण त्यासाठी जीव टाकतात, बाकीचे एक घोट घेऊन बाटली कपाटाच्या मागे ढकलतात. मधला वर्ग फार छोटा.

आता तो आकडा. ब्लेंडमध्ये कितीही जुनी व्हिस्की असो, लेबलवर वय लिहायचं तर त्यातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं लिहावं लागतं. स्कॉचला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावीच लागतात, पण बाटलीत भरल्यावर तिचं वय वाढत नाही. ‘वीस वर्षं जपून ठेवलेली १२ वर्षांची’ ही १२ वर्षांचीच. शिवाय स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो. उष्ण हवेत त्याहून कितीतरी जास्त उडतो आणि लाकडाचा अंशही भराभर उतरतो. म्हणून दोन देशांतल्या आकड्यांची तुलना करू नका. गडद रंगालाही भुलू नका, स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला परवानगी आहे.

सोबत काहीतरी द्यायचं म्हणून लोक व्हिस्की स्टोन देतात. हा माझा नावडता प्रकार. बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळताना उष्णता ओढून घेतो म्हणून. दगड वितळत नाही, त्यामुळे व्हिस्की जेमतेम गार होते आणि जोरात ग्लास तिरपा केला तर दगड दातावर. क्रिस्टलचा डिकँटरही दिसायलाच छान. जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं, ते महिनोन् महिने भरून ठेवलेल्या दारूत उतरतं. आणि काचेचं बूच हवाबंद बसत नाही. त्यापेक्षा खाली फुगीर आणि वर निमुळते असे दोन ग्लास द्या. वास तोंडाशी गोळा होतो. आवड अजिबातच माहीत नसेल तर ५० मिलीच्या चार-पाच वेगवेगळ्या छोट्या बाटल्या एका मोठ्या बाटलीपेक्षा बऱ्या.

पिण्याबद्दल. पाणी घातलं म्हणजे व्हिस्की वाया गेली, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर तपासलं, तर धुरकट वास देणारा ग्वायाकॉल ४५ टक्के किंवा त्याखालच्या अल्कोहोलमध्ये पृष्ठभागाजवळ राहत होता आणि ५९ च्या वर आत दडत होता. नाक पृष्ठभागाशीच असतं, त्यामुळे हिशेब सरळ आहे. ५८ टक्क्यांची कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली) ३० मिली घेतली, तर ती ४५ वर आणायला साधारण ९ मिली पाणी लागतं, म्हणजे पावणेदोन चमचे. एकदम ओतू नका. अर्धा चमचा घाला, हुंगा, चाखा, मग पुढचा. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीला काही थेंब पुरतात. हुंगताना ओठ किंचित उघडे ठेवा, ग्लास वाइनसारखा गरगर फिरवू नका, नाहीतर नुसतं अल्कोहोल नाकात झोंबतं. इंग्रजीत ‘नीट’ म्हणजे काही न मिसळता. मराठीत पाणी घालूनही नीट पिता येते.

पाणी किंवा बर्फ घातल्यावर ती गढूळ झाली तर घाबरू नका. गार करून गाळलेली नसलेल्या व्हिस्कीतले तेलकट घटक पातळ झाल्यावर असे दिसतात. खरं तर चांगलं लक्षण.

सोड्याची व्हिस्की बहुतेक वेळा पचपचीत होते ती कमी बर्फामुळे. चार खडे पटकन वितळतात. गच्च भरलेला ग्लास गार राहतो आणि कमी वितळतो. बर्फावर ४५ मिली व्हिस्की, ढवळून आधी तीच गार करायची. मग फ्रिजमधला सोडा १३५ ते १५० मिली, ग्लासच्या कडेने हळू. चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचला. जास्त ढवळलं की बुडबुडे गेले.

बाटली उभीच ठेवा, उन्हापासून लांब. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खाऊन भुसभुशीत करतं. तरी तुटलंच, तर उरलेला तुकडा स्क्रूने काढा आणि कॉफी फिल्टरमधून कोरड्या, स्वच्छ बाटलीत गाळून घ्या; चवीला काही होत नाही. तळाशी तिसरा हिस्सा उरला की आतली हवा चव मारायला लागते. तेव्हा छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, किंवा काही महिन्यांत संपवा.